निखाऱ्यावरचे मांस

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त शूळावर भाजलेल्या मांसाच्या कृती आहेत. तिथे प्रश्न चवीचा आहे. भाजण्याने अपाय होतो का, या प्रश्नाचा माग मी 1939पर्यंत नेतो. त्या वर्षी स्वीडनमधील लुंडच्या विडमार्क यांनी भाजलेल्या घोड्याच्या मांसाचा अर्क उंदरांच्या त्वचेला लावला. त्यांना गाठी झाल्या. हे टिपण पुढे बराच काळ बाजूलाच पडले.

1977च्या सुमारास टोकियोत ताकाशी सुगिमुरा यांच्या गटाने भाजलेल्या माशाचा धूर आणि करपलेली साल जिवाणूंवर तपासली. त्यांत जनुके बदलवणारी द्रव्ये निघाली. मांसातले क्रिएटिन आणि अमिनो आम्ले तीव्र आचेवर एकत्र आली की ती बनतात. निखाऱ्यावर टपकणाऱ्या चरबीच्या धुराचा दोष वेगळाच.

उपायाचा शोध कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत लागला. 1997मध्ये तिथे व्हिनेगर, लिंबू, लसूण, तेल, साखर यांत मुरवलेली कोंबडी भाजली, तेव्हा यातले एक प्रमुख द्रव्य 90 टक्क्यांहून अधिक घटले. (फार वेळ भाजल्यावर दुसरे एक मात्र वाढले, पाककृतीवाले हे सांगत नाहीत.) 2000मध्ये खिम्याच्या टिक्क्यांवर प्रयोग झाला: मिनिटामिनिटाला उलटल्या तर कोणतीच बाजू फार तापत नाही, द्रव्ये बरीच कमी बनतात आणि आतले जंतूही मरतात.

घरच्या शेगडीवर मी तेच करतो. चरबी काढायची, लिंबू-लसूण लावून ठेवायचे, निखाऱ्यावर राख धरली की जाळी ठेवायची, सारखे उलटायचे. तरी करपलेच, तर तेवढे कापून टाकायचे.