तळटीप : लंडनच्या संस्थेचे ‘अमेरिकन मित्र’

१. ‘मित्रमंडळ’ हा शब्द लेखकाने येथे सैलपणे वापरला आहे. गणेशोत्सवातल्या मंडळासारखे हे काही नाही. लंडनची इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स (आयईए) ही मुक्त बाजाराची बाजू मांडणारी संस्था अँटनी फिशर यांनी १९५५ साली स्थापली. राजकारणात पडू नका, विचारवंतांची मते वळवा, हा अर्थशास्त्रज्ञ हायेक यांचा सल्ला त्यांनी मानला; पैसा आला तो कुक्कुटपालनातून. ‘अमेरिकन फ्रेंड्स ऑफ द आयईए’ ही तिला साहाय्य करणारी, अमेरिकेत नोंदलेली ना-नफा संस्था. कारण मैत्रीपेक्षा कराचे अधिक. अमेरिकी करदात्याने परदेशी संस्थेला थेट देणगी दिली तर सहसा प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. देशातल्या धर्मादाय संस्थेला दिली तर मिळते. मात्र पैसा कोणाला द्यायचा हे त्या संस्थेच्या संचालकांनीच ठरवायचे असते, तिने नुसती टपालपेटी होऊन चालत नाही. निदान नियम तसे सांगतो. फिशर यांनीच १९८१ साली अमेरिकेत काढलेली अ‍ॅटलस (आजचे अ‍ॅटलस नेटवर्क) ही संस्था निराळी. ती अनेक देशांतल्या अशा संस्थांना हात देते. मूळ मजकुरात या दोहोंची गल्लत झाली आहे, ती वाचकाने दुरुस्त करून घ्यावी. – संपादक