सकाळचा घास : बंगळूरच्या न्याहारीचा प्रशासकीय इतिहास

मुलांना सकाळी काय खायला घालावे, हा प्रश्न इतिहासग्रंथांत सापडत नाही आणि शासनाच्या नस्त्यांमध्येही क्वचितच आढळतो. तो रोज पहाटे स्वयंपाकघरात उपस्थित होतो आणि शाळेची घंटा होईपर्यंत कसाबसा निकाली निघतो. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या माझ्या वाचकांना तो नवा नाही. कोणाकडे मुले पोह्यांना नाक मुरडतात, तर कोणाकडे दुधात भिजलेले मक्याचे पोहे तसेच टाकून धावतात. परंतु या प्रश्नाची एक बाजू अशी आहे, की जिथे आवडीनिवडीला वावच नसतो. त्या बाजूने मी प्रथम पाहिले ते बंगळूरमध्ये, आणि म्हणूनच हा लेख.

काही वर्षांपूर्वी त्या शहरात वास्तव्यास असताना पीण्या या औद्योगिक परिसरालगतच्या एका वस्तीत जाण्याचा प्रसंग आला. सोबत आहारविषयक माहितीपत्रके होती. हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, दूध, अंडी, फळे अशी नेहमीची यादी. ज्या घरासमोर आम्ही थांबलो, तेथील बाई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करीत होती. मूळची बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यातली. माझे कानडी उच्चार ऐकून तिने मराठीतच विचारले, "साहेब, तुम्ही आपल्याकडचे काय?" मग माहितीपत्रक उलटसुलट पाहून म्हणाली, "दुपारचं शाळेत होतंय. रातचं मी करते. सकाळचं काय घालावं, तेवढं सांगा."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती पाच वाजता उठे. पाणी एक दिवसाआड येई, त्या दिवशी पहिला तास हंडे भरण्यात जाई. आठ वाजता कारखान्यासाठी घर सोडावे लागे. दहा आणि सात वर्षांची दोन मुले त्यानंतर आपापली आवरून शाळेत जात. रात्रीचा भात उरला तर फोडणी देऊन ठेवायची, न उरल्यास चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा. शिधापत्रिका गावी सासूकडे, त्यामुळे धान्य विकतचे. "नाचणीची आंबील चांगली, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या घरी ज्वारीची होती. पण ती ढवळत कोण बसणार?" असे ती सहज बोलून गेली.

घरी परतल्यावर मी साधा हिशेब मांडला. रात्रीचे जेवण आठ वाजता आणि शाळेतील जेवण दुपारी साडेबाराच्या सुमारास. मध्ये साडेसोळा तास. त्यातील झोपेचे तास वजा केले, तरी शाळेतील पहिले तीन तास, म्हणजे गणित आणि भाषा शिकण्याची वेळ, ही मुले चहा-बिस्किटांवर काढीत होती. शासन त्यांना जेवू घालीत नव्हते असे नाही. मग सकाळच तेवढी का सुटली? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास थोडे मागे जावे लागते.

जुन्या म्हैसूर प्रदेशातील शेतकऱ्याची सकाळ नाचणीवर उभी होती. रात्रीच्या नाचणीच्या मुद्द्याचा उरलेला गोळा ताकात कालवून किंवा आंबील करून सकाळी घेतला जाई. आपल्याकडील शिळ्या भाकरीचा आणि ज्वारीच्या आंबिलीचा हा सख्खा भाऊ. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात ते जेमतेम दहा मिलिग्रॅमच्या आसपास भरते. मंड्य येथील विश्वेश्वरय्या कालवा क्षेत्रातील संशोधन केंद्रात सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी वाणांच्या संकरातून 'इंडाफ' जाती निर्माण केल्या आणि नाचणीचे उत्पादन वाढविले. म्हणजे या भूमीत सकाळच्या पौष्टिक अन्नाची वाण नव्हती, आणि ज्ञानाचीही नव्हती.

शहराची न्याहारी मात्र वेगळ्या वाटेने गेली. १९२४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मावळ्ळी टिफिन रूम्स या नावाने प्रसिद्धीस आलेल्या उपाहारगृहाने इडली-डोशाला बंगळूरच्या सकाळीचे स्थान दिले. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा तांदळाऐवजी रवा घेऊन आपण रवा इडली प्रथम केली, असे ही संस्था सांगते. आणीबाणीच्या काळात उपाहारगृहांतील पदार्थांचे दर सक्तीने खाली आणण्यात आले. तो तोटा न परवडल्याने याच संस्थेने तयार पिठांच्या विक्रीकडे मोर्चा वळविला. आज परदेशातील मराठी घरांतही ज्या पिठाच्या पाकिटातून झटपट इडली होते, त्या व्यवसायाच्या मुळाशी असा एक दरनियंत्रणाचा निर्णय आहे. प्रशासनाचे निर्णय न्याहारीच्या ताटापर्यंत कसे पोहोचतात, याचे हे मनोरंजक उदाहरण म्हणता येईल.

१९८० च्या दशकात उभ्याने खाण्याची 'दर्शिनी' उपाहारगृहे आली. १६ ऑगस्ट २०१७ रोजी बंगळूरमध्ये इंदिरा कँटीनचा प्रारंभ झाला आणि तेथे पाच रुपयांत न्याहारी मिळू लागली. महाराष्ट्रातील झुणका-भाकर केंद्रे, तामिळनाडूतील अम्मा उणवगम आणि पुढील शिवभोजन थाळी यांच्याच जातकुळीची ही योजना. तिचे मोल मी कमी लेखीत नाही. तथापि, ही सर्व व्यवस्था कामावर निघालेल्या प्रौढ माणसाच्या वाटेवर उभी आहे. सात वर्षांचे मूल एकटे रस्ता ओलांडून कँटीनच्या रांगेत उभे राहत नाही.

मुलांसाठी शासनाने निवडली ती दुपार. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत, प्रत्येक विद्यार्थ्यामागे दिवसाला एक आण्याच्या मर्यादेत, खाणे देण्याचा ठराव केला. कामराज यांनी १९५० च्या दशकात आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तीच कल्पना विस्तारली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना आली. तिचे उद्दिष्ट पटनोंदणी, उपस्थिती आणि पोषण असे होते. अनेक राज्यांनी शिजवलेल्या अन्नाऐवजी उपस्थितीच्या अटीवर महिन्याला तीन किलो धान्य देऊन वेळ मारून नेली. अखेर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न वर्षातून किमान दोनशे दिवस द्यावे.

बंगळूरमध्ये त्याआधीच, जून २००० मध्ये, 'अक्षयपात्र'ने पाच शाळांतील दीड हजार मुलांपासून काम सुरू केले होते. कर्नाटक शासनाने २००२ मध्ये बीदरसह ईशान्येकडील मागास जिल्ह्यांपासून 'अक्षर दासोह' योजना हाती घेतली. दासोह हा बसवेश्वरांच्या शरण परंपरेतील शब्द, आणि त्या परंपरेचे बसवकल्याण बीदर जिल्ह्यातच आहे. माझ्या परिचयाच्या त्या बाईचे "दुपारचं शाळेत होतंय" हे निश्चिंत वाक्य म्हणजे या साऱ्या इतिहासाचे फलित होय. ते लहान यश नव्हे.

पण दुपारच का? माझ्या मते त्याचे कारण भुकेत नव्हते, घड्याळात होते. दुपारचे जेवण शाळेच्या वेळापत्रकात बसते. धान्य तपासायला मुख्याध्यापक हजर असतात, हजेरी आधीच झालेली असते, त्यामुळे किती मुलांचे शिजवायचे हे ठरते. सकाळचे अन्न द्यायचे, तर शाळा भरण्यापूर्वी कोणीतरी चूल पेटविली पाहिजे आणि हजेरीपूर्वी अंदाज बांधला पाहिजे. आपण मुलाच्या पोटाची वेळ कार्यालयाच्या वेळेला जुळवून घेतली, आणि जुळत नव्हती तेवढी सकाळ आईच्या पदरात टाकली.

हे कोणाला पूर्वी सुचलेच नव्हते, असेही नाही. इंग्लंडमध्ये १९०६ च्या कायद्याने शाळकरी मुलांना जेवण देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. ब्रॅडफर्ड या गिरणीशहरात १९०७ च्या उन्हाळ्यात डॉ. राल्फ क्राउली यांनी गरीब मुलांच्या एका गटाला दुपारच्या जेवणाबरोबर सकाळी ओटची लापशीही दिली आणि ठरावीक काळाने त्यांची वजने घेतली. मुलांची वजने वाढली, हे अपेक्षितच होते. परंतु मधल्या सुटीत अन्न बंद होताच ती घसरली. त्या नोंदींतून दिसले ते एवढेच, की घरी त्या मुलांना पुरेसे अन्न मिळत नव्हते. अमेरिकेत शाळेतील न्याहारीची सरकारी योजना १९६६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि १९७५ मध्ये कायम झाली.

कर्नाटकात सकाळीचा विचार प्रथम दुधाच्या रूपाने आला. १ ऑगस्ट २०१३ रोजी 'क्षीरभाग्य' योजना सुरू झाली आणि शाळेत दीडशे मिलिलिटर दूध मिळू लागले. आरंभी आठवड्यातून तीन दिवस, २०१७ पासून पाच दिवस. त्या काळी राज्याच्या दूध महासंघापुढे अतिरिक्त दुधाचा प्रश्न होता, हे येथे नमूद केले पाहिजे. दुधाला गिऱ्हाईक हवे होते आणि मुलांना दूध हवे होते. दोन गरजा एकमेकींना भेटल्या. प्रशासनातील पुष्कळशा चांगल्या गोष्टी अशाच घडतात, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मध्यान्ह भोजनाबरोबर पौष्टिक न्याहारीचीही शिफारस केली. सकाळच्या पौष्टिक आहारानंतरचे तास अवघड विषयांच्या अभ्यासाला विशेष फलदायी ठरतात, असे त्यात म्हटले आहे. मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम पोषण' योजनेत न्याहारी आली नाही. वाट दाखविली ती पुन्हा तामिळनाडूने. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथून, १,५४५ सरकारी शाळांतील पहिली ते पाचवीच्या सुमारे १ लाख १४ हजार मुलांसाठी, सकाळी उपमा, खिचडी, पोंगल देण्यास प्रारंभ झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ही योजना राज्यभरातील सरकारी प्राथमिक शाळांत नेण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने दुधाबरोबर आठवड्यातून तीन दिवस नाचणीचे माल्ट देण्याचे ठरविले. जी आंबील ढवळायला त्या बाईला सवड नव्हती, ती अशा रीतीने बऱ्याच फेऱ्याने मुलांच्या पेल्यात परत आली.

येथे मला दुसरी बाजूही मांडली पाहिजे, अन्यथा हा लेख अर्धवट राहील. सकाळीच शाळेची चूल पेटवायची, तर ती पेटविणार कोण? मध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या स्त्रियांचे केंद्रीय मानधन २००९ मध्ये महिना एक हजार रुपये ठरले, तेही वर्षातील दहा महिन्यांचे. राज्ये त्यात आपली भर घालतात, परंतु मूळ धारणा कायम आहे, की हे काम 'अर्धवेळ' आहे. तामिळनाडूत न्याहारी शिजवितात त्या बचतगटांतील महिला. सहा वाजता शाळेत येणाऱ्या अशा बाईला स्वतःची मुले असतातच. एका आईची सकाळ मोकळी करण्यासाठी दुसऱ्या आईची सकाळ आपण स्वस्तात विकत घेणार असू, तर प्रश्न सुटला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. न्याहारीच्या अंदाजपत्रकात रवा आणि तेलाच्या आधी त्या बाईच्या वेतनाचा रकाना असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट शिधापत्रिकेची. 'एक देश, एक शिधापत्रिका' व्यवस्था २०१९ ते २०२२ या काळात सर्व राज्यांत पोहोचली. स्थलांतरित कुटुंबाला आपल्या वाट्याचे धान्य परगावी उचलता येते आणि उरलेले गावी घेता येते. नियम उत्तम आहे. परंतु सासूच्या हातातील पत्रिकेतून आपला वाटा मागणे ही सुनेसाठी केवळ अंगठा टेकविण्याची बाब नसते. नियम लिहिणाऱ्यांना हे घरातले राजकारण दिसत नाही. ते दिसावे, यासाठीच क्षेत्रभेटी असतात.

मित्रहो, त्या दिवशी वस्तीतून निघताना माहितीपत्रक मी त्या बाईच्या हातीच ठेवून आलो. त्यातील एकही ओळ चुकीची नव्हती, आणि एकही ओळ तिच्या उपयोगाची नव्हती. तिला पाककृती नको होती. सकाळचा एक तास हवा होता, आणि तो माझ्या यादीत नव्हता. आठवड्यातून तीन दिवस नाचणीचा पेला मिळू लागला, हे कळल्यावर तिच्या मुलांची आठवण झाली. एव्हाना ती शाळा सोडून पुढे गेली असतील. पण त्या वस्तीत दुसरी कोणी पाच वाजता उठून हंडे भरीत असणारच. आठवड्यात शाळेचे दिवस सहा असतात. उरलेल्या दिवसांचे काय, असे तिने विचारले, तर उत्तर देणे आपल्यावर आहे.