पेण-रोह्याची पोपटी

कोकणात हिवाळा असतो तरी काय, असे घाटावरची माणसे विचारतात, आणि नाशिक-निफाडच्या थंडीत वाढलेल्या माणसाने तसे विचारावे यात नवल नाही. परंतु पेणच्या पूर्वेस डोंगरपायथ्याशी किंवा रोह्यास कुंडलिकेच्या काठी ज्याने पौष महिन्यातील एखादी रात्र उघड्या शेतावर काढली असेल, त्याला हा प्रश्न पडणार नाही. दिवसा ऊन चांगले तापते, सूर्य मावळताच जमीन भराभर निवत जाते, आणि उत्तररात्री दव इतके दाट पडते की पहाटे बांधावरून चालणाऱ्याची पावले चिंब होतात. ही थंडी अल्पायुषी आणि दमट असते. तिला अनुरूप असे अन्न या दोन तालुक्यांच्या भूमीने पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध केले, आणि त्या अन्नाचा इतिहास हा पर्यायाने त्या जमिनीचा, तिच्या पाण्याचा, मिठाचा आणि तिच्यावरील हक्कांचा इतिहास आहे.

घरातल्या चुलीवरचे हिवाळी अन्न म्हटले की पहिला मान कुळथाचा. कुळीथ शिजवून वरचे तांबूस पाणी काढून घ्यावे, त्यात ताक वा आमसूल घालून लसणीची फोडणी द्यावी, की कळण झाले. कुळीथ भाजून, दळून ठेवलेल्या पिठाची पातळ पिठी करून ती आसट भातावर ओतावी, की थकल्या-भागल्या माणसाचे रात्रीचे जेवण झाले. ताप येऊन गेलेल्याला, बाळंतिणीला, सर्दीने बेजार झालेल्या मुलाला हेच देतात. आयुर्वेदाने कुलत्थ उष्ण आणि कफवातनाशक मानला, आणि त्याहीपूर्वी, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद व पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांतील माणसे कुळीथ खात होती, याची साक्ष तेथील उत्खननात मिळालेल्या जळक्या दाण्यांनी दिली आहे. महाराष्ट्राच्या ताटातील इतके प्राचीन धान्य दुसरे क्वचितच असेल. तरीही पाहुण्यापुढे कुळथाची पिठी वाढण्यास गृहिणी संकोचते, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

कुळथाच्या खालोखाल वाल. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे, आणि त्या डाळिंब्यांचे आमसूल, गूळ व ओले खोबरे घालून बिरडे करायचे, हा पेण-रोह्याच्या, विशेषतः कायस्थ प्रभू घरांतील, स्वयंपाकाचा अभिमानविषय होय. वाल शिजल्यावर जे पाणी उरते ते फेकून देणारी गृहिणी या भागात गबाळी ठरते; त्या पाण्याचेही कळण होते आणि तांदळाच्या भाकरीबरोबर ते फुंकर घालून प्यायले जाते. परंतु बिरडे आणि कळण ही वर्षभराची सोय झाली. वाल ओला असताना, शेंग हिरवी आणि दाणा नुकताच भरलेला असताना, त्याचे जे होते ती पोपटी, आणि तीच या लेखाचा खरा विषय आहे.

ती समजण्यासाठी आधी जमीन पाहिली पाहिजे. ज्याला आज पेण तालुका म्हणतात, तो जुन्या कागदोपत्री सांकशी या किल्ल्याच्या नावाने ओळखला जाई. त्या पेणच्या पश्चिमेस खाड्यांच्या कुशीत खारेपाट पसरला आहे. समुद्राच्या भरतीला बांध घालून ही जमीन माणसाने मिळविली. जो बांध घालून खाजण लागवडीस आणी तो शिलोत्रीदार, आणि बांधाच्या निगराणीबद्दल तो कुळांकडून धान्यरूपाने आपला हक्क घेई. मुंबई सरकारने १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या कुलाबा-जंजिऱ्याच्या गॅझेटिअरात या वहिवाटीचे वर्णन आहे. खाऱ्या जमिनीत भात पिकते, आणि जिथे तेही पिकत नाही तिथे मिठागरे पिकतात. पेणजवळच्या अंतोरे बंदरातून भात आणि मीठ गलबतांनी मुंबईस जाई, तर बोरघाटाच्या वाटेने मिठाची पोती बैलांच्या पाठीवर घाट चढत. पूर्वेकडे मात्र, विनोबांचे जन्मग्राम गागोदे ज्या बाजूस आहे त्या डोंगरकडेला, आणि रोह्यास कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील रोहा-अष्टमीच्या परिसरात, गोडी जमीन लागते. भात कापून झाल्यावर तिच्या पोटात जो ओलावा उरतो, त्यावर दुसरे पीक येते. ते पीक वालाचे.

कार्तिकात भाताची कापणी उरकली की थोडीफार नांगरट करून, कित्येकदा तीही न करता, वाल पेरतात. त्याला पाट नको, मोट नको, खत नको. जमिनीतील ओल आणि रात्रीचे दव एवढ्यावर तो वाढतो, आणि वाढता वाढता भाताने थकविलेल्या मातीला नत्र परत देतो. मार्गशीर्ष-पौषात त्याला शेंगा लागतात. त्याच सुमारास त्याच शेतांत आणि बांधांवर भांबुर्डी नावाचे एक रानटी रोप माजलेले असते, ज्याला कोणी लावत नाही आणि एरवी गुरेही फारसे तोंड लावत नाहीत. त्याचा पाला चुरगाळला तर कापरासारखा उग्र सुवास हाताला बराच वेळ राहतो. खळ्यावर भाताचा पेंढा रचलेला असतो. गोठ्यात गोवऱ्या असतात. म्हणजे शेंग, पाला आणि सरपण ही तिन्ही शेतानेच, एकाच हंगामात, एकाच ठिकाणी आणून ठेवलेली असतात. बाहेरून आणायचे ते खारेपाटातील जाडे मीठ, मूठभर ओवा आणि कुंभाराचे मडके.

मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा जाड थर अंथरतात. धुऊन निथळलेल्या शेंगांना मीठ व ओवा चोळून त्या वर रचतात, मधे मधे बटाटे, रताळी, वांगी, कांदे आणि अंडी बसवितात. मांसाहारी बेत असेल तर मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून मध्यभागी ठेवतात. शेवटी तोंड पुन्हा भांबुर्डीने इतके घट्ट चोंदतात की मडके उपडे केले तरी आतील काही हलू नये, आणि बहुतेक ठिकाणी ते खरोखरच जमिनीवर उपडे ठेवतात. भोवती काटक्या, गोवऱ्या, पेंढा रचून आग लावतात. आत पाण्याचा थेंब घातलेला नसतो. शेंगांचे आणि पाल्याचे स्वतःचेच पाणी वाफ होते, ती वाफ वर मडक्याच्या तळाशी आणि खाली पाल्याच्या बुचाशी अडते, आणि त्या कोंडलेल्या सुगंधी वाफेत सर्व काही अर्ध्यापाऊण तासात शिजून निघते. जाणता माणूस मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतो. ते चर्रकन उडाले की तो आग बाजूस सारण्याची आज्ञा करतो. मग मडके काठीने उचलून वर्तमानपत्रावर वा केळीच्या पानांवर रिकामे करायचे, आणि सर्वांनी गोल बसून, बोटे भाजत, शेंगा सोलून खायच्या. ताट नाही, वाढपी नाही, पहिली-दुसरी पंगत नाही.

या एका मडक्यात किती काळांचे थर आहेत, हे पाहण्यासारखे आहे. वैद्यकाने निष्पाव म्हणजे वाल हा वातकर ठरविला आहे, आणि ओवा हा वातहारक. तेव्हा मूठभर ओवा चवीसाठी पडला असे समजणे हे आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाला कमी लेखणे होईल. बटाटा आणि रताळे ही मूळची अमेरिका खंडातील, पोर्तुगीजांच्या काळानंतर इकडे रुळलेली. हे पोर्तुगीज कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या चौल-रेवदंड्यास सोळाव्या शतकाच्या आरंभी आले आणि १७४० पर्यंत तेथे राहिले. रोह्याचा माल याच खाडीने समुद्रावर जात असल्यामुळे ही कंदमुळे या भागास परकी राहिली नाहीत. त्यापूर्वीचे मडके शेंगांचे आणि रानातल्या कंदांचे असणार. मिठाची कथा कष्टाची आहे. ज्या मिठागरांच्या काठी पेणकर राहत होता, तेथील मिठावरही इंग्रज सरकारचा कर होता, आणि मिठागरांवर सरकारी पहारा होता; १९३० च्या सत्याग्रहात मीठ हा शब्द देशभर दुमदुमला तेव्हा या किनाऱ्यावरील माणसाला त्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नाही. हा कर १९४७ साली उठला. मार्गशीर्षातील गुरुवारचे व्रत पाळणाऱ्या घरांत महिनाभर अभक्ष्य वर्ज्य असल्यामुळे हंगामातील पहिली पोपटी पुष्कळदा केवळ शेंगांची असते, आणि कोंबडी पौषात येते. मला स्वतःला पहिलीच अधिक गोड वाटते.

पोपटीची लेखी नोंद शोधू म्हटले, तर जुन्या सरकारी दप्तरांत सारा, दस्त, जमाबंदी आणि बांधबंदिस्ती यांच्या नोंदी असतात; बांधावर भाजलेल्या शेंगांवर कोणतीही पट्टी बसत नसल्यामुळे कारकुनाला त्यांची नोंद करण्याचे कारण नव्हते. तथापि पोपटीचा आनंद कशातून निर्माण झाला हे ओळखायचे असेल तर त्याच दप्तरांकडे वळावे लागते. कुलाबा जिल्हा १८६९ साली स्वतंत्र झाला त्या काळी येथील कित्येक गावांवर खोतांचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचा, अंमल होता, आणि खळ्यावर मळलेले भात प्रथम खोताच्या किंवा सावकाराच्या मापाखाली जाई. वर्षभर राबलेल्या कुळाच्या हाती जे उरे ते पुढील पावसाळ्यापर्यंत पुरेलच असे नसे. या अन्यायाविरुद्ध शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जो संप पुकारला, तो सुमारे सहा वर्षे टिकला. जमिनी पडीक राहिल्या, माणसे लाकूडफाटा विकून जगली, पण नमली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्यास पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने नष्ट झाली ती १९४९ साली. भात मोजून दिल्यावर, देणे चुकल्यावर, कोणाच्याही मापाखाली न गेलेली एक टोपली शेंगा भरून शेजाऱ्यापाजाऱ्यांसह शेतातच बसून खाणे, यात भुकेच्या शमनापेक्षा अधिक काही होते. ज्या जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता, त्या जमिनीवर ती एक रात्र कुळाची असे.

असे अन्न एकट्या कुलाब्याने, म्हणजे १९८१ पासून ज्यास आपण रायगड म्हणतो त्या जिल्ह्याने, घडविले असे नव्हे. दक्षिण गुजरातेत वलसाडच्या बाजूस उंबाडियू म्हणून जो प्रकार करतात त्यातही पापडी, कंद, ओवा, सुवासिक रानपाला आणि उपडे मडके हेच सारे असते, आणि सुरतेचा उंधियू हा त्याचाच घरात आलेला, तेलात न्हालेला भाऊ होय. कुंडलिकेपासून तापीपर्यंतच्या या पट्ट्यात भातानंतर वाल हे पीकचक्र होते, आणि जिथे ते चक्र होते तिथे हे मडके होते. भाषा, राज्ये आणि जाती बदलल्या, तरी या पदार्थाची सीमा मात्र पिकाची सीमा राहिली.

म्हणूनच त्याची पुढील चिंता ही पिकाची चिंता आहे. मुळशीच्या धरणग्रस्तांच्या अश्रूंतून साठलेले पाणी टाटांच्या भिरा येथील विद्युद्गृहातून १९२७ पासून कुंडलिकेत उतरू लागले, आणि पुढे डोळवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी ते रोहा व माणगाव तालुक्यांतील शेतांवर नेले. ज्या शेताला उन्हाळ्यात पाणी मिळाले त्या शेतकऱ्याने वाल सोडून दुसरे भात घेतले. त्याचा संसार सुधारला, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. धाटावला रसायनांचे कारखाने आले, पेणजवळ महामार्ग रुंदावला, रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू झाली, आणि गोड्या शेतांचे भूखंड पडू लागले. दुसरीकडे पोपटीची कीर्ती मात्र वाढली. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी मडकी लागतात, त्यांत कोंबडी पुष्कळ आणि शेंगा थोड्या असतात, आणि त्या शेंगाही कधी कधी बाजारातून, परमुलखातून आणलेल्या असतात. मडके मातीचे आणि पाला भांबुर्डीचा असला तरी दवावर वाढलेल्या कडव्या वालाची जी किंचित तुरट गोडी, ती त्यांत नसते. पदार्थ प्रसिद्ध व्हावा आणि त्याचे पीक मागे पडावे, ही या भूमीच्या इतिहासातील अत्यंत दुःखद विसंगती आहे.

माघ सरता सरता शेंगा जून होतात, वेल उपटून वाळवितात, दाणे झोडून, निवडून मडक्यांत वा कणग्यांत भरतात. त्यातूनच वर्षाचे बिरडे आणि पुढच्या कार्तिकाचे बियाणे निघते. हे घरचे बियाणे राखणारी माणसे पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत आजही आहेत. तेव्हा ज्यांना पोपटी खायची आहे त्यांनी पौषात या शेतांवर अवश्य यावे, शेतकऱ्याकडून त्याच्या शेतातल्याच शेंगा घ्याव्यात, तो सांगेल तो भाव घासाघीस न करता द्यावा, आणि परतताना घरच्या बिरड्यासाठी चार शेर कडवे वालही त्याच्याकडूनच न्यावेत.