दुधाची साखळी कोणाच्या हाती?

शेतमालाच्या उत्पादनापासून विक्रीपर्यंतचे सर्व टप्पे एकाच संस्थेच्या हाती असावेत, या धोरणाला अर्थशास्त्रात ‘उभे एकात्मीकरण’ म्हणतात. परंतु त्या साखळीची मालकी कोणाची, हा प्रश्न इतिहासाला विचारावा लागतो. वडोदऱ्याजवळच्या आणंदने त्याचे उत्तर दिले आहे.

१९४५ मध्ये मुंबई दूध योजना सुरू झाली. खेडा जिल्ह्यातील दूध मुंबईस पोहोचविण्याचे काम पोल्सन या खासगी डेअरीकडे गेले. माल नाशवंत आणि गिऱ्हाईक एकच. साहजिकच भाव ठरविणारेही तेच. सरदार पटेलांच्या सल्ल्यानुसार जानेवारी १९४६ मध्ये सामरखा येथे शेतकऱ्यांची सभा भरली. पंधरा दिवस डेअरीला दूध घातले गेले नाही. १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखालील जिल्हा सहकारी संघाची नोंदणी झाली.

पुढील टप्पे गरजेतून आले. हिवाळ्यात दूध वाढे आणि तेवढे मुंबईला नको असे. १९४९ मध्ये आणंदला आलेले वर्गीस कुरियन व त्यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचे तंत्र यशस्वी केले. १९५५ मध्ये त्यासाठी कारखाना उभा राहिला. १९६४ मध्ये कणजरी येथे पशुखाद्याचा कारखाना निघाला, तर १९७३ मध्ये ‘अमूल’च्या विक्रीसाठी राज्यस्तरीय महासंघ स्थापन झाला.

दूधसंकलनापासून लोण्यापर्यंतची साखळी पोल्सनकडेही होती. तेथे शेतकरी केवळ पहिली कडी होता. येथे तो मालक झाला. यंत्रसामग्री पैशाने उभी राहते. ही मालकी मात्र सभासदांच्या जागरूकतेवरच टिकते.