वीतभर नळी

आमच्या गावात पहिली मोटारसायकल आली ती राजदूत. मागाहून येझदी आल्या. बुलेट दोघा-तिघांच्याच दारात. राजदूतचा मूळ आराखडा पोलंडचा आणि बांधणी फरिदाबादची. जावा 1961 पासून म्हैसूरला व्हायची, तीच पुढं येझदी झाली. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक, की दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवल्या तरी राजदूत चिखलातून ओढते.

आबांनी 1979 साली जुनी राजदूत घेतली. मी दहावी करून शेतात रुळलो होतो, त्यामुळं गाडीची निगा माझ्याकडं. पेट्रोलात ऑईल मिसळायचं, प्लग घासायचा, पॉइंटवरनं पॉलिश पेपर फिरवायचा. टाकीखालच्या कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी नळी मात्र कुणाच्या खिजगणतीत नसायची. वीतभर तर लांबी तिची. ती फुटली की एवढ्याशासाठी तालुक्याला कोण जाणार? दवाखान्यातनं सलाईनची नळी मागून आणायची. आरपार दिसते, पेट्रोल उतरतंय का कळतं, म्हणून लोक उलट खूश. टोकाला क्लिपऐवजी तार पिळायची. निम्म्या गावाच्या गाड्या तशाच पळत होत्या.

पण ती नळी पेट्रोलसाठी केलेली नसते. पेट्रोल तिचा मऊपणा ओढून घेतं. काही महिन्यांत ती पिवळी पडते, वाळल्या काडीसारखी होते, आणि तार जिथं रुतते नेमकी तिथंच चिरते.

1984 चा उन्हाळा. आम्ही दोघं दूध घालायला निघालो होतो. वाटेत आबा म्हणाले, "पेट्रोलचा वास मारतोय रं."

मी मागनंच म्हणालो, "ओव्हरफ्लो असंल. चला तुम्ही."

डेअरीपुढं गाडी बंद केली, कॉक चालूच. दूध घालून परत किक मारली. प्लगची टोपी ढिली होती, तिथं ठिणगी उडाली आणि खाली ठिबकलेल्या पेट्रोलनं भडका घेतला. लोक मागं सरले. कुणीतरी पाण्याची बादली आणायला पळाला. आबांनी त्याला ओरडून थांबवलं, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. मग त्यांनी जाळात हात घालून कॉक बंद केला. किटल्यांवर टाकायचं ओलं गोणपाट गाडीवर दाबलं, वर माती लोटली. मी नुसता उभा होतो.

टाकी वाचली. आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुढं कधी पुरती मिटली नाहीत. नळी कुणी बसवली होती हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्याआधी मी नळी बदलतो, ती चांगली दिसत असली तरी. जुनी बोटात वाकवून बघितली की बारीक भेगा उघडतात. नवी इंजिनाच्या पंख्यांना टेकू द्यायची नाही, कुठं मुडपू द्यायची नाही, दोन्ही टोकांना क्लिप लावायची. गाडी उभी केली की कॉक बंद. कार्बोरेटरातली सुई झिजली आणि कॉक चालू राहिला, तर रातभर पेट्रोल गळतं. त्याची वाफ जड, गोठ्यात जमिनीलगत साचून राहते. तिथं बिडी पेटवणाऱ्याला मी पाहुणा असला तरी हाकलतो.

आता नवीच भानगड आली आहे. 2003 पासून आपल्याकडं पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल घालायला सुरुवात झाली, 2022 ला दहा टक्के झालं, आता वीस. हे इथेनॉल येतं कुठनं? बरंचसं आपल्याच उसातनं. कारखान्याला पैसा मिळाला तर आमचं बिल वेळेवर निघतं, त्यामुळं त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण जुन्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, नाहीतर तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, टाकी आतनं गंजते. म्हणून नळी घेताना इथेनॉलला टिकणारीच मागायची, कॉकचे वायसरही बदलायचे, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवायचं.

गेल्या दिवाळीत नातवानं आबांची राजदूत बाहेर काढली. किक मारायची त्याला घाई. मी त्याला आधी कॉक उघडायला लावला आणि गाडीखाली पुठ्ठा सरकवला. अर्धा तास आम्ही दोघं पायरीवर बसून त्या पुठ्ठ्याकडं बघत होतो. एक थेंब पडला. गाडी परत गोठ्यात लावली आणि मी क्लिपा आणायला तालुक्याची एसटी धरली.