परांची : मार्गदर्शन आणि कायदेशीर बंधन

उंचावर काम करणाऱ्या गवंड्याचे जीवित परांचीवर अवलंबून असते. ती सुरक्षित कशी बांधावी, याचे ज्ञान भारतात फार पूर्वी लेखबद्ध झाले. भारतीय मानक संस्थेने परांचीविषयक सुरक्षा संहिता (आयएस ३६९६) १९६६ मध्ये प्रसिद्ध केली व तिची सुधारित आवृत्ती १९८७ मध्ये आली. तथापि ही संहिता मार्गदर्शक होती. कंत्राटात अंतर्भाव झाला, तरच ती ठेकेदारावर बंधनकारक ठरे.

बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय अधिनियम १९९६ मध्ये झाला. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी परांचीची उभारणी, फेरबदल व उतरवणी जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखालीच करणे सक्तीचे केले. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले. ज्ञान आणि सक्ती यांमध्ये अशा प्रकारे तीन ते चार दशके गेली.

शिवाय दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिल्या. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हीच मर्यादा आहे. सारांश, लहान घराच्या बांबूच्या परांचीवरील गवंड्यासाठी सुरक्षेचे नियम आजही १९६६ प्रमाणे केवळ मार्गदर्शनच आहेत. उणीव ज्ञानाची नसून बंधनाची आहे.