देवीच्या वेशापासून सम्राटाच्या बरोबरीपर्यंत: अग्रिपिनाची नाणी

१/७
रोमन साम्राज्यात सम्राटाचा चेहरा दूरच्या प्रांतांपर्यंत पोहोचे तो नाण्यांवरून. राजघराण्यातील स्त्रियाही नाण्यांवर येत. मात्र अनेकदा एखाद्या देवीच्या रूपात. अग्रिपिनाच्या सत्तेचा चढउतार तर नाण्यांवरच वाचता येतो.

२/७
इ. स. ३७-३८. सम्राट कॅलिगुलाने आपल्या तीन बहिणींना पितळी सेस्टर्शियस नाण्यावर स्थान दिले. स्तंभाला टेकलेली अग्रिपिना ही सुरक्षेची देवी सेक्युरितास, अर्घ्यपात्र धरलेली द्रुसिला ही ऐक्याची देवी कॉन्कॉर्डिया आणि सुकाणू धरलेली युलिया ही भाग्यदेवी फॉर्च्युना. शेजारी तिघींची नावेही कोरलेली आहेत.

३/७
हे देवत्व फार टिकले नाही. ३८ मध्ये द्रुसिला मरण पावली. ३९ मध्ये कटाच्या आरोपावरून उरलेल्या दोघींना भावानेच हद्दपार केले.

४/७
४१ मध्ये कॅलिगुलाचा खून झाला आणि त्याचा काका क्लॉडियस सम्राट झाला. त्याने दोघी पुतण्यांना परत बोलावले आणि ४९ मध्ये अग्रिपिनाशी विवाह केला. ५० मध्ये तिला 'ऑगस्टा' ही पदवी मिळाली. आता नाण्याच्या दर्शनी बाजूस सम्राट आणि मागील बाजूस ती दिसू लागली. तिच्या मस्तकी धान्याच्या लोंब्यांचा मुकुट आहे. ही धान्यदेवी सेरेसची खूण. बाहेरून येणाऱ्या धान्यावर जगणाऱ्या रोमला तिचा अर्थ सहज कळत असे.

५/७
५४ मध्ये क्लॉडियस वारला. अग्रिपिनाचा १६ वर्षांचा मुलगा नीरो गादीवर आला. त्या वर्षीच्या सोन्याच्या ऑरियसवर आई आणि मुलगा समोरासमोर आहेत, अगदी बरोबरीने. तिच्या मस्तकी लोंब्यांचा मुकुट उरलेला नाही. शिवाय दर्शनी बाजूचा लेख तिचा आहे: दिव्य क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची माता. सम्राटाचे नाव मागील बाजूस गेले आहे.

६/७
५५ मध्ये चित्र पालटले. दोन्ही चेहरे एकाच दिशेला वळले. नीरो पुढे, आई त्याच्या आड. दर्शनी बाजूस त्याचे नाव आले, तिचे मागे सरकले. त्यानंतर रोमच्या टांकसाळीतील नाण्यांवर नीरो एकटाच दिसतो. अग्रिपिना तेव्हा जिवंत होती.

७/७
५९ मध्ये नीरोने आईची हत्या करवली. टॅसिटसने हा वृत्तांत लिहिला तो अनेक दशकांनंतर. नाणी मात्र त्या त्या वर्षीच पाडली गेली होती, आणि आईची जागा कशी आक्रसत गेली हे खुनाच्या कितीतरी आधी लोकांच्या हाती पडले होते.